बॅलन्स रॉड बदलला, घरीच

लातूरहून बीडला जाताना मांजरसुंब्याच्या घाटात माझी जुनी सेडान वळणावर बाहेरच्या बाजूला जी झुकायची ना, ते मला कधीच पटलं नाही. शॉक नवे टाकले, टायर बदलले, तरी झुकणं तेच, आणि मागं आई बसलेली असली की ती वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसायची. शेवटी मागचा जाड स्वे बार मागवला.

आपल्याकडचे मिस्त्री याला बॅलन्स रॉड म्हणतात. स्प्रिंग स्टीलचा वाकवलेला रॉड, मधे दोन बुशमधून (रबराच्या जाड कड्या) चेसीला धरलेला, आणि दोन्ही टोकं लिंक रॉडने, म्हणजे छोट्या जोडदांडीने, चाकांच्या आर्मला जोडलेली. दोन्ही चाकं सोबत वर गेली तर तो नुसता बुशमधे फिरतो, पण वळणावर एक बाजू दबली की त्याला पीळ बसतो आणि तोच पीळ गाडीला झुकू देत नाही. कंपनीचा 14 मिमीचा होता, मी 16 चा घेतला. 2 मिमीने काय होतंय असं वाटेल, पण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे आकार तोच आणि दोन्ही रॉड भरीव असतील तर जवळपास 70 टक्के जास्त. 18 चा पण मिळत होता, तो मुद्दाम नाही घेतला. आपले रस्ते काळ्या मातीवरचे, ती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं डांबर लाटेसारखं होतं, एक चाक वर एक खाली, आणि रॉड जितका कडक तितका एका चाकाचा धक्का दुसऱ्या बाजूला जातो. वर पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत मागं फार कडक केलं तर ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटायची भीती.

रविवारी सकाळी अंगणातल्या फरशीवर काम काढलं. आदल्या रात्रीच नटांवर गंजाचा स्प्रे मारून ठेवला होता, तरी डाव्या लिंकचा नट काही हलेना, बोल्टची दांडी सोबतच फिरायची. मग दांडीच्या टोकाला एलन की घालून ती धरली आणि रिंग पान्याने नट फिरवला, तेव्हा कुठं सुटला. पण लिंक काही बाहेर येईना. मी अर्धा तास ओढतोय, हातोडीने ठोकतोय, आणि अण्णा बॅटरी धरून बघू लालते, शेवटी म्हणाले, "अरे दुसऱ्या बाजूनं पण उचल की, रॉड पिळलाय त्यो." बरोबर होतं. मी एकच चाक उचललेलं. दोन्ही बाजू सारख्या उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवल्या तर लिंक दोन बोटांनी बाहेर आली! (घोड्याच वापरा हो, नुसत्या जॅकवर नाहीतर विटांवर गाडी ठेवून खाली शिरू नका, हात जोडून सांगतो.)

नव्या रॉडसोबत पॉलीयुरेथेनचे बुश आले होते. रबरी बुश कोरडे बसवतात, याला मात्र आतून सिलिकॉन ग्रीस लागतं. मी पहिल्यांदा कमी लावलं आणि आठवड्यात प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुईं कुईं चालू झालं, परत सगळं खोलावं लागलं. क्लॅम्पचे बोल्ट आधी हातानेच घ्या, रॉड मधोमध आहे का बघा, आणि लिंकला रबरी बुश असतील तर शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करा, हवेत लटकताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) गल्लीतल्या मिस्त्रीकडून आणला, मॅन्युअलमधे लिहिलाय तेवढाच दिला.

गेल्या महिन्यात त्याच घाटातून गेलो. स्टेअरिंग वळवलं की गाडी लगेच वळते, आधी झुकून मग वळायची तसं नाही. केजकडच्या रस्त्यावर एका बाजूचा खड्डा मात्र आता जास्त जाणवतो, ते खरंय, पण मला चालतंय. पुढचा रॉड कंपनीचाच ठेवलाय, त्याचे बुश तेवढे पावसाळ्याआधी बदलणार.