तुम्ही विचारलंत म्हणून: आई असताना

"आई आहेत ना अजून? मग त्यांना गमावलं असं का म्हणता?" असं बरेच जण विचारतात. आईला सहा वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ती जेवते, हसते, उन्हात बसते. मला मात्र ओळखत नाही.

'गमावलं' हा शब्द आता मलाही खटकतो. माणूस संधी गमावतो, विश्वास गमावतो. त्या क्रियापदात गमावणाऱ्याच्या पदरी थोडा दोष येतोच. तपासणीला आपण उशीर केला का, या विचाराने मी पुष्कळ रात्री जागून काढल्या आहेत. त्यात शब्दानेही मला दोषी धरावं, हे नको वाटतं. तोटा, नुकसान हे तर हिशेबाचे शब्द. ते कधीतरी भरून निघतं.

राहिलं 'हरवणं'. हरवलेली किल्ली कुठेतरी असतेच, म्हणून आपण शोधत राहतो. मीही दोन वर्षं आईला तशीच शोधत होते. जुने फोटो पुढे धरायचे, "ओळख पाहू मी कोण?" म्हणून विचारायचे. उत्तर आलं नाही की तिचा चेहरा कावराबावरा व्हायचा. मी तिला रोज परीक्षेला बसवत होते, हे उशिरा कळलं आणि ते मी बंद केलं.

पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस समोर नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही, अशा दुःखाला त्यांनी संदिग्ध वियोग म्हटलं. माणूस समोर असून मनाने दूर गेलेला, हा त्याचाच दुसरा प्रकार. स्मृतिभ्रंश त्यात येतो. अशा दुःखाला पूर्णविराम शोधत बसू नये, असं त्या सांगतात. ते वाचलं आणि मी खूप रडले. निरोपाचे विधी नाहीत, भेटायला येणारं कोणी नाही, तरी हे दुःखच आहे, असं पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं होतं.

आता विचारलंत तर मी म्हणेन, मी आईला पारखी झाले. पारखी म्हणजे मुकलेली, आणि पारखी म्हणजे परकीसुद्धा. दोन्ही खरं आहे.

परवा तिने विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?"

"इथलीच," मी म्हटलं.

ती जरा सरकली आणि शेजारी जागा करून दिली.