अठ्ठावन्न तासांचे क्लोनिंग

गेल्या मे महिन्यात घरच्या डेस्कटॉपमधील ४ टीबीची हार्ड डिस्क बदलायला घेतली. ती सात वर्षे चालली होती आणि अलीकडे एखादी जुनी फाइल उघडताना क्षणभर अडखळू लागली होती. तेवढीच नवी डिस्क आणून यूएसबी डॉकमध्ये, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीने संगणकाला जोडणाऱ्या साधनात, बसवली, जुन्या डिस्कवर चुकूनही काही लिहिले जाऊ नये म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले आणि रात्रीच्या जेवणानंतर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे क्लोन, करण्यासाठी ‘डीडी’ या लिनक्समधील आज्ञेला कामाला लावले. दहा मिनिटांनी पाहिले तर वेग सेकंदाला १९ एमबी होता. कागदावर भागाकार केला, तर उत्तर साडेअठ्ठावन्न तास आले.

पहिली चूक माझीच होती आणि ती लगेच सापडली. डीडीला ब्लॉक साइझ सांगितली नाही, तर ते ५१२ बाइटांचा एक-एक तुकडा उचलून नेते. गोण्या वाहायच्या असताना चमच्याने धान्य भरावे, तसा हा प्रकार. ब्लॉक साइझ ४ एमबी करून पुन्हा सुरुवात केली आणि वेग ३४ एमबीवर गेला. तरीही बत्तीस-तेहतीस तास लागणारच होते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात एवढा वेळ वीज सलग टिकेल, यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हते.

अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअर बदलून पाहतात. मीही पूर्वी तेच करत असे आणि त्यात बराच वेळ वाया घालवला आहे. क्लोनिंगमध्ये वाचणारी डिस्क, लिहिणारी डिस्क आणि मधला रस्ता, अशा तीनच गोष्टी असतात, आणि तिघांत जो सर्वांत संथ, त्याच्याच चालीने बाकीच्यांना चालावे लागते. म्हणून त्यांना वेगवेगळे तपासणे सोपे पडते. जुन्या डिस्कवरून काही जीबी वाचून ते कुठेही न लिहिता टाकून दिले, तेव्हा वाचनाचा वेग १६५ एमबी आला. याचा अर्थ, निदान सुरुवातीच्या भागात तरी जुनी डिस्क निर्दोष होती. मग यूएसबी उपकरणांची यादी झाडाच्या स्वरूपात काढली, तर डॉकपुढे ५००० ऐवजी ४८० हा आकडा दिसला. डॉक यूएसबी ३चा, संगणकाचा पोर्टही निळा, आणि जोडणी मात्र यूएसबी २ची. ४८० मेगाबिट म्हणजे कागदोपत्री सेकंदाला ६० एमबी. प्रत्यक्षात हाती पडतात तीस-चाळीस.

दोष केबलमध्ये होता. डॉकची मूळ केबल खोक्यातच राहिली होती आणि मी टेबलावर पडलेली प्रिंटरची केबल लावली होती. यूएसबी ३च्या चौकोनी खाचेत प्रिंटरची जुनी पिन बिनतक्रार बसते आणि कामही करते, त्यामुळे शंका येत नाही. मूळ केबल काढून शेजारी धरली, तेव्हा तिच्या टोकावर डोक्यावर अंबाडा घातल्यासारखा आणखी एक लहान कप्पा दिसला. वाढीव वेगाच्या तारा त्या कप्प्यातूनच जातात. केबल बदलताच वेग १५० एमबीवर पोहोचला आणि मी निश्चिंतपणे झोपलो.

सकाळी १.३ टीबी पार पडले होते आणि आकडा जवळजवळ जागच्या जागी थांबला होता. प्रथम नव्या डिस्कचा संशय आला. आजकाल अनेक स्वस्त मोठ्या डिस्कमध्ये एसएमआर तंत्र असते, म्हणजे लिहिण्याच्या पट्ट्या छपरावरील कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे एक पट्टी बदलायची झाली, तर तिच्या शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात आणि डिस्कमधली राखीव जागा भरली की लिहिण्याचा वेग कोसळू शकतो. काही मॉडेलांत हे तंत्र ग्राहकांना न सांगता वापरले गेल्याचे २०२० साली उघड झाले, तेव्हापासून मी खरेदीपूर्वी माहितीपत्रक पाहतो. माझी नवी डिस्क त्या जातीची नव्हती.

मग कान लावला. कॅबिनेटमधून टक् असा आवाज, मग काही क्षण शांतता, पुन्हा टक्. तो ऐकल्यावर खरे तर दुसऱ्या कशाची गरज नव्हती, तरी नोंदी तपासल्या. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये जुन्या डिस्कवरील वाचता न आलेल्या सेक्टरांच्या (माहितीच्या लहान कप्प्यांच्या) ओळींमागून ओळी होत्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, त्या स्मार्ट माहितीत १९७ क्रमांकाच्या रकान्यात, जिथे वाचता न येणारे आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर मोजले जातात, ५६ हा आकडा होता. १९९ क्रमांकाच्या रकान्यात शून्य होते, म्हणजे जुनी डिस्क संगणकाला जोडणारी साटा केबल ठीक होती. ती बिघडली असती तर तिथला आकडा वाढलेला दिसला असता. घरगुती डिस्क खराब सेक्टर सहजासहजी सोडत नाही. तो वाचण्यासाठी ती पुनःपुन्हा प्रयत्न करते, कधीकधी अर्धा मिनिट एकाच जागी, आणि तोवर मागची सगळी रांग खोळंबते. मी हे वाचत असतानाच डीडीने ‘इनपुट/आउटपुट एरर’ दाखवून काम सोडले.

डीडीवर राग काढण्यात अर्थ नव्हता. ते धडधाकट डिस्कसाठी आहे. फक्त भरलेली जागा उचलणारे क्लोनझिला हे सॉफ्टवेअरही मला आवडते, आणि अर्ध्या रिकाम्या डिस्कवर त्याने बराच वेळ वाचतो, पण मरणपंथाला लागलेल्या डिस्कसाठी ‘डीडीरेस्क्यू’ हवे. ते खराब जागा आली की तिथे हटून बसत नाही. ती टिपून पुढे उडी मारते, आधी निर्वेध वाचता येणारे सगळे पदरात पाडून घेते आणि अवघड तुकड्यांकडे शेवटी वळते. काय वाचले आणि काय राहिले, याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवते. ती फाइल दोन्ही डिस्कपासून वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावी. लाइव्ह लिनक्सच्या मेमरीत ठेवली तर वीज जाताच तीही जाते. दुपारी तीनला वीज गेलीच. परत आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली आणि काम जिथे थांबले होते, जवळपास तिथूनच पुढे सुरू झाले. डॉकमधील डिस्क ५१ अंशांवर गेली होती, म्हणून टेबल फॅन तिच्याकडे वळवला. कूलरची दमट हवा मात्र तिच्यावर येऊ दिली नाही.

शेवटच्या टप्प्यात वेग हळूहळू ८० एमबीपर्यंत उतरला, पण त्याची चिंता करण्याचे कारण नव्हते. डिस्कच्या बाहेरच्या वर्तुळांवर एका फेरीत जास्त माहिती मावते आणि आतल्या वर्तुळांवर कमी, त्यामुळे कडेपासून मध्याकडे जाताना वेग निम्म्यावर येणे हा तिचा स्वभावच आहे.

पहिली फेरी संध्याकाळी उशिरा संपली. उरलेल्या जागांवर थेट वाचनाचा (मधली कॅश मेमरी वगळून वाचण्याचा) पर्याय देऊन तीन फेऱ्या केल्या आणि शेवटी २० केबी तेवढे हाती लागले नाहीत. ते कोणत्या फाइलचे, हे शोधण्यासाठी मॅप फाइलमधील स्थानातून पार्टिशनची सुरुवात वजा केली, ४०९६ने (एका ब्लॉकमधील बाइटांनी) भागले आणि तो ब्लॉक क्रमांक फाइल सिस्टिम तपासणाऱ्या ‘डीबगएफएस’ला दिला. त्याने आधी आयनोड, म्हणजे फाइलचा अंतर्गत क्रमांक, आणि मग फाइलचे नाव सांगितले. चुलतभावाच्या लग्नातील वरातीचा व्हिडिओ होता. अकराव्या मिनिटाला पडद्यावर क्षणभर हिरवे चौकोन येतात, बँडचा आवाज एकदा तुटतो आणि नवरदेवाची घोडी पुन्हा चालू लागते.

जुनी डिस्क संगणक सुरू करण्यापूर्वीच बाहेर काढली, कारण क्लोनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तोच असतो आणि दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर कोणती डिस्क माउंट होईल, म्हणजे वापरात घेतली जाईल, याचा भरवसा नसतो. तिच्यावर मार्करने ‘५६ सेक्टर’ असे लिहून ती खणात ठेवली आहे, आणि प्रिंटरची केबल प्रिंटरला लावून टाकली आहे.