ग्रीक नाणे आधी तोलावे

ग्रीक चांदीचे नाणे हातात आले की बहुतेकांची नजर त्यावरच्या चेहऱ्याकडे जाते. मी मात्र ते आधी काट्यावर ठेवतो. ज्या काळात ही नाणी पाडली गेली त्या काळात नाण्याचे मोल बव्हंशी त्यातील चांदीच्या वजनावर ठरत असे आणि ठसा म्हणजे त्या वजनाची शहराने घेतलेली हमी असे. अथेन्सचे चार ड्राक्मांचे (ड्राक्मा हे ग्रीक चांदीच्या नाण्याचे एकक) नाणे सुमारे १७.२ ग्रॅमचे, म्हणजे आपल्या दीड तोळ्याला किंचित कमी. एजायना बेटाचे कासवाचे नाणे १२.२ ग्रॅमच्या आसपास, तर कॉरिंथचे पंखवाल्या घोड्याचे नाणे ८.६ ग्रॅमचे. प्रत्येक शहराचे माप वेगळे असल्यामुळे बंदरात सराफाचा काटा आणि त्याचा बट्टा (नाणे बदलून देताना कापलेली रक्कम) यांवाचून व्यवहार पुढे सरकत नसे. बेळगावकरांना ही व्यवस्था परकी वाटू नये. बागलकोटचा मल्हारशाही रुपया आणि इतर टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत असताना आपल्याकडचे सराफही याच कामावर पोट भरत होते.

अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यामागे त्या शहराच्या मुलखातील लॉरियनच्या चांदीच्या खाणी आहेत. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तेथे चांदीचा मोठा साठा हाती लागला, तेव्हा ती चांदी नागरिकांना वाटून टाकावी असा विचार पुढे आला होता; परंतु थेमिस्टोक्लीज या अथेन्सच्या पुढाऱ्याने ती युद्धनौका बांधण्यासाठी वापरावी असे लोकांच्या गळी उतरवले आणि इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या समुद्रात इराणी आरमाराचा पराभव झाला तो त्या नौकांच्या बळावर. एका बाजूला अथेन्सची देवी अथीना, दुसऱ्या बाजूला घुबड, ऑलिव्हची डहाळी, बारीक चंद्रकोर आणि अथेन्सच्या नावाची तीन अक्षरे, असा हा ठसा आहे. शिल्पकला कितीतरी पुढे गेली तरी अथेन्सने हे जुनाट वळणाचे चित्र दीर्घकाळ फारसे बदलले नाही, आणि मला तो व्यापारी शहाणपणा वाटतो, कारण इजिप्तपासून सीरियापर्यंतचा व्यापारी चित्र ओळखून नाणे घेत असे. तरीही त्याचा पूर्ण विश्वास नसे. छिन्नीचा खोल घाव घालून, आत तांबे तर नाही ना, हे पाहिलेली कितीतरी घुबडे आज मिळतात. असा घाव असलेले नाणे स्वस्त पडते, आणि मला तर तेच अधिक बोलके वाटते. सिसिलीतील सिराक्यूज या ग्रीक शहराच्या किमोन आणि युएनेटोस या कारागिरांनी ठशावर स्वतःचे नाव कोरलेली सुमारे ४३ ग्रॅमची दहा ड्राक्मांची नाणी सौंदर्यात सर्वांवर मात करतात, पण ती छायाचित्रातच पाहावीत. त्यांच्या लिलावातील बोली आपल्या आवाक्यातल्या नव्हेत.

अलेक्झांडरने अथेन्सचेच माप उचलले. सूसा आणि पर्सेपोलिस येथील इराणी खजिन्यांतील प्रचंड चांदी त्याच्या हाती आली, तिचा मोठा भाग नाण्यांत उतरला आणि सिंहाचे कातडे पांघरलेला वीर हेराक्लीज व सिंहासनावरचा देवराज झ्यूस ही जोडी त्याच्या मृत्यूनंतरही पिढ्यान्‌पिढ्या अनेक शहरांच्या टांकसाळींतून निघत राहिली.

माझा खरा ओढा मात्र याच्या पुढच्या टप्प्याकडे आहे. बॅक्ट्रियातील, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाच्या भागातील ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून दक्षिणेकडे आले तेव्हा त्यांनी येथील व्यवहारासाठी अथेन्सचे माप सोडून दिले. त्यांचा भारतीय ड्राक्मा सुमारे २.४५ ग्रॅमचा, म्हणजे अडीच माशांचा झाला. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतील प्राकृत मजकूर आला. त्यांच्यापैकी अगाथोक्लीज या राजाच्या चौकोनी नाण्यांवर तर एकीकडे बलराम आणि दुसरीकडे वासुदेव आहे. अफगाणिस्तानातील आय-खानुम येथे १९७० मध्ये ती उत्खननात मिळाली. बेळगावात पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून काय काय घडते हे आपण जाणतो. या राजांनी एका लिपीला पुढची आणि दुसरीला मागची बाजू देऊन तो प्रश्नच उद्भवू दिला नाही, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही.

याच दोन लिप्यांच्या नाण्यांमुळे पुढे खरोष्ठी वाचता आली. ग्रीक बाजूवरचे राजाचे नाव ठाऊक असल्यामुळे मागच्या बाजूची अक्षरे एकेक करून जुळवता आली आणि त्या कामात जेम्स प्रिन्सेपचा वाटा मोठा होता. तो कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस तपासणारा मुख्य अधिकारी होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

माझ्याकडचा ड्राक्मा याच ग्रीक राजांपैकी मिनँडरचा, म्हणजे बौद्ध परंपरेतील मिलिंदाचा आहे. त्याचे नाव मराठी माणसाला डॉ. आंबेडकरांनी उभारलेल्या औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मिलिंद महाविद्यालयामुळे सहज आठवते. या राजाचा ड्राक्मा दुर्मीळ नाही, त्यामुळे नव्या संग्राहकाने येथूनच सुरुवात करावी. पुढे फीत बांधलेले राजाचे मस्तक आणि मागे वज्र फेकणारी अथीना असून तिच्याभोवती उजवीकडून डावीकडे ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ अशी अक्षरे आहेत. शहापूरच्या सराफ गल्लीतील ओळखीच्या काट्यावर त्याचे वजन २.४३ ग्रॅम भरले. मग त्याला दोऱ्याने बांधून पाण्यात टांगून पुन्हा तोलले. चांदी पाण्याच्या सुमारे साडेदहा पट जड असल्यामुळे या आकाराच्या नाण्याचे वजन पाण्यात साधारण ०.२३ ग्रॅमने घटायला हवे, आणि तेवढेच घटले. इतक्या लहान नाण्यावर ही परीक्षा निर्णायक ठरत नाही. तिच्यातून शिसे-कथलाची नक्कल तेवढी बाद होते. चांदीतच ओतलेली नक्कल पकडायची तर कडेवरची साच्याची रेघ आणि पृष्ठभागावरचे बारीक बुडबुडे भिंगातून शोधावे लागतात, कारण अस्सल नाणे ऐरण आणि हातोडा यांच्यामध्ये ठोकलेले असते. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते, म्हणून परवानाधारक विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे आणि शेतात किंवा घराच्या पायात सापडलेले नाणे कोणी विकायला आणले तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

मिनँडरची ही नाणी दक्षिणेच्या किती जवळ आली याचा पुरावा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या ग्रंथात अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांचे जुने ड्राक्मे भडोचच्या बाजारात अजून चालतात अशी नोंद आहे. मिनँडरला जाऊन तेव्हा सुमारे दोन शतके होत आली होती. त्याच वळणाची चांदीची नाणी क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपानाने पाडली. त्यावर राजाचे मस्तक आहे आणि त्याभोवतीची अक्षरे ग्रीक असली तरी भाषा प्राकृत आहे. नाशिकजवळच्या जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या निधीत अशी तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःची चैत्य (कमानींची टेकडी) आणि उज्जैन (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली) ही चिन्हे ठोकली होती. ज्याचा वंश समूळ नाहीसा केल्याचे नाशिकच्या लेखात सांगितले आहे, त्या शत्रूची नाणी विजेत्याने वितळवली नाहीत. माझ्या मते याचे कारण काट्यातच शोधावे: वजनावर बाजाराचा विश्वास बसलेला होता, वितळवण्यात वेळ गेला असता आणि घटही आली असती, आणि सत्ता बदलल्याचे सांगायला एक हातोडा पुरेसा होता. बेळगावलगतच्या वडगाव-माधवपूर येथील उत्खननात सातवाहनकालीन वसतीचे अवशेष मिळाले आहेत, त्यामुळे या राजवंशाचा व्यवहार आपल्या वेशीबाहेरचा नव्हता.

सध्या मी अशाच दोनदा ठोकलेल्या नाण्याच्या शोधात आहे. विक्रेते चैत्य ठसठशीत उमटलेला आणि खालचा चेहरा पुरता पुसलेला नग वरच्या दर्जाचा समजून महाग विकतात. मला याच्या उलट, ठसा वाकडा बसलेला, चैत्याच्या कडेने नहपानाचे नाक आणि दोन-चार ग्रीक अक्षरे अजून दिसत असलेला नग हवा आहे, आणि सुदैवाने यादीत तो ‘सदोष’ या सदरात कमी भावाने लावलेला असतो.