सनबोर्डचा हॉर्न आणि २१ सेंटिमीटरचं हायड्रोजन: कुठवर आलंय, काय अडलंय

आकाशगंगेतला हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची, म्हणजे १४२०.४ मेगाहर्ट्झची रेडिओ लहर सोडतो; ती ऐकायला घरी बनवलेल्या कर्ण्यासारख्या अँटेनाची, म्हणजे हॉर्नची, ही हकिकत. आजची स्थिती आधी. हॉर्न उभा आहे, वेव्हगाइड (हॉर्नच्या गळ्यामागची पत्र्याची चौकोनी नळी) बसलाय, प्रोब (तिच्यातून सिग्नल उचलणारा तांब्याचा दांडा) कापून जुळवलाय. शर्मिष्ठा तारकासमूहाकडे तोंड केलं की पाच मिनिटांच्या सरासरीत १४२०.४ मेगाहर्ट्झच्या आसपास एक मोठा उंचवटा दिसतो आणि त्याच्या उजव्या अंगाला दुसरा, जरा बुटका. बेसलाइन, म्हणजे उंचवट्यांखालची पायाची रेघ, अजून वाकडी आहे. वायूच्या वेगांचं गणित जेमतेम सुरू झालंय. ज्यांना असाच हॉर्न बनवायचाय त्यांच्यासाठी मापं आणि चुकण्याच्या जागा खाली दिल्या आहेत. मध्ये बातम्याही येतील, कारण गेल्या काही वर्षांत या वारंवारतेच्या आसपास बातम्यांचं पीक बरं आलंय.

वेव्हगाइडचं आतलं माप १६.५ × ८.२५ सेंमी ठेवलं आहे. हे मोजमाप प्रमाणित आहे आणि १.१२ ते १.७० गिगाहर्ट्झपर्यंत चालतं, म्हणजे १४२० अगदी पोटात येतं. पुष्कळांचा हात आधी घरातल्या पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याकडे जातो. तो साधारण २३ सेंमी चौरस असतो आणि या कामाला फारच रुंद आहे. त्यात मुख्य मोडसोबत (मोड म्हणजे नळीतून लहर जाण्याची तऱ्हा) आणखी काही मोड शिरतात, बीम, म्हणजे अँटेना ऐकते तो आकाशाचा झोत, एका बाजूला कलतो, आणि आपण दाखवतो एकीकडे, ऐकतो दुसरीकडे. त्यापेक्षा पत्र्याचं काम करणाऱ्याकडून २६ गेज जीआय पत्रा ५१ × २८ सेंमी कापून घ्यावा आणि त्याच्याच मशीनवर चार घड्या मारून घ्याव्यात. ५१ पैकी ४९.५ सेंमी परीघ, उरलेला दीड सेंमी जोडावर जोड.

हा जोड कुठे येतो याला महत्त्व आहे. तो रुंद बाजूच्या बरोबर मध्यावर, लांबीच्या दिशेने यायला हवा. मुख्य मोडचे प्रवाह त्या रेषेवर लांबीलाच समांतर वाहतात, म्हणून तिथली फट काही कापत नाही. जोड कोपऱ्यावर किंवा अरुंद बाजूवर घेतला तर प्रवाह आडवे कापले जातात आणि सिग्नल तिथेच गळतो. कारागीर सवयीने कोपऱ्यावर जोड देतो, तेव्हा आधीच पेनने रेघ मारून दाखवावी.

मागचं तोंड पत्र्याने बंद करून झाळून घ्यायचं. या मापात १४२० मेगाहर्ट्झची वेव्हगाइडमधली तरंगलांबी सुमारे २७.४ सेंमी येते, तिचा चतुर्थांश ६.९ सेंमी. बंद भिंतीपासून एवढ्या अंतरावर, जोडाच्या समोरच्या रुंद बाजूच्या मध्यावर प्रोबचं भोक पाडायचं. हवेतली २१ सेंमी धरून ५.३ वर भोक पाडलं की परत फिरणारा सिग्नल काही केल्या कमी होत नाही आणि दोष कनेक्टरला जातो.

प्रोबला एसीची पाव इंची तांब्याची नळी उत्तम. जाड प्रोबची जुळणी रुंद पट्ट्यात टिकते, बारीक तारेची अर्ध्या मिलिमीटरला बिनसते. नळी ५.३ सेंमीची कापून पॅनेल माउंट कनेक्टरच्या मधल्या पिनेवर झाळायची, नॅनोव्हीएनए (कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल परत फिरतो ते मोजणारं छोटं उपकरण) लावायचा आणि कानशीने थोडं थोडं घासत जायचं. घासलं की परावर्तनाच्या आलेखातला खड्डा वरच्या वारंवारतेकडे सरकतो. १४२० वर परावर्तन उणे १५ डेसिबलच्या खाली गेलं की हात थांबवावा. उणे ३० च्या हव्यासाने काही हाती लागत नाही. उणे १५ ला जेमतेम तीन टक्के शक्ती परत फिरते. स्वस्त नॅनोव्हीएनए या वारंवारतेला जरा थरथरतो, पण खड्डा कुठे आहे ते नीट सांगतो.

हॉर्नचं पुढचं तोंड ७५ × ६० सेंमी, गळ्यापासून सरळ खोली ७० सेंमी. पाच मिमी सनबोर्डमधून समलंब चौकोनांच्या दोन जोड्या कापायच्या: दोन तुकडे १६.५ ते ७५ सेंमी रुंदीचे, उंची ७४.६, दुसरे दोन ८.२५ ते ६० रुंदीचे, उंची ७५.९. उंचीतला सव्वा सेंमीचा फरक चूक नाही, तिरक्या बाजूंची ती खरी लांबी आहे. दोन्ही ७५ धरून कापलं तर कोपरे जुळत नाहीत आणि टेपने ओढूनताणून आणलेला हॉर्न पिळवटतो. यातून साधारण १८ डेसिबलचा गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, आणि १९ अंशांचा बीम मिळतो.

आतून स्वयंपाकघरातलं ॲल्युमिनियम फॉइल. इतकं पातळ चालेल का, ही शंका प्रत्येकाला येते. या वारंवारतेला ॲल्युमिनियममध्ये प्रवाह वरच्या दोनेक मायक्रॉनमध्येच वाहतो आणि साधं फॉइल दहा-अकरा मायक्रॉनचं असतं. चालेल. चकचकीत बाजू वर की खाली, यावर वाद घालायचा असेल तर चहा घेऊन घाला, हॉर्नला फरक पडत नाही. पांढरा गोंद मात्र नको. त्यातलं पाणी फॉइलखाली अडकून फुगे येतात. दुहेरी टेपच्या पट्ट्या बऱ्या. फॉइलच्या कडा एकमेकींवर तीन सेंमी चढवायच्या. टेपचा डिंक वीज वाहत नाही, पण एवढ्या चढीत धारितेमुळेच काम भागतं.

अपवाद गळ्याचा. फॉइल आणि पत्रा यांची तिथे धातूला धातू गाठ पडलीच पाहिजे. फॉइल पत्र्याच्या आत दुमडून वॉशर-स्क्रू मारावेत, दोन स्क्रूंत दोन सेंमीपेक्षा जास्त अंतर नको. म्हणजे तरंगलांबीच्या दहाव्या भागाच्या आत. सगळ्या बांधणीत हट्ट धरावा तो इथे. पुढच्या तोंडाशी कडा जराशी वेडीवाकडी झाली तरी कोणी विचारत नाही.

आता पैसे कुठे घालायचे. माझं मत ठाम आहे: डिशवर नाही, पहिल्या ॲम्प्लिफायरवर. नूइलेकचा सॉबर्ड प्लस एच-वन याच रेषेसाठी बनलाय, आत १४२० च्या आसपासचंच पुढे जाऊ देणारा सॉ फिल्टर आहे आणि गेन ४० डेसिबलच्या घरात. फिल्टर नसलेला रुंद पट्ट्याचा ॲम्प्लिफायर शहरात लावला की ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झचे मोबाइल टॉवर त्याला आधीच गच्च भरून टाकतात. ॲम्प्लिफायर प्रोबलाच लावायचा, मध्ये फक्त ॲडॉप्टर. ‘एक मीटर केबलने काय बिघडतंय’ असं वाटतं. बिघडतं असं: साध्या आरजी-५८ ची एक मीटर केबल इथे पाऊण डेसिबल खाते आणि गोंगाटात (तो तापमानात मोजतात) पन्नासएक केल्विनची भर टाकते. तीच केबल ॲम्प्लिफायरनंतर पाच मीटर टाकली तरी फिकीर नाही.

डोंगल (सिग्नल संगणकात नेणारा यूएसबी रिसीव्हर) आरटीएल-एसडीआर ब्लॉगचा व्ही-३, बायस-टी (केबलमधूनच ॲम्प्लिफायरला वीज देणारी सोय) चालू, ऑटो गेन बंद. ऑटो गेन चालू राहिला की आकाशाकडून जमिनीकडे फिरल्यावर तो आपला फरक गुपचूप पुसून टाकतो. नमुनावेग सेकंदाला २४ लाख. २.४ मेगाहर्ट्झ म्हणजे वेगाच्या भाषेत सुमारे ५०० किमी प्रति सेकंद, आकाशगंगेला पुरून उरतं. या पट्ट्याचे ५१२ खाने केले तर प्रत्येक खाना एक किमी प्रति सेकंदाचा होतो, हिशेबाला सोयीचा. मध्य १४२०.४ वर ठेवू नये, कारण बरोबर मधोमध खोटा काटा उमटू शकतो. अर्धा मेगाहर्ट्झ सरकून बसावं.

तपासणी सोपी आहे. आधी तोंड वर, रिकाम्या आकाशाकडे. मग जमिनीकडे, जी ३०० केल्विनची. फरक ५ डेसिबल आला तर रिसीव्हरचं तापमान साधारण १२५ केल्विन, छान. फरक ३ डेसिबल म्हणजे २८० केल्विन, तेव्हा गळा आणि कनेक्टर पुन्हा बघा. फरक एकच डेसिबल असेल तर बहुधा बायस-टी बंदच आहे.

जरा बातम्या. २०२५ च्या जुलैत सापडलेला ३आय/ॲटलस हा आपल्या सूर्यमालेबाहेरून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा. ऑक्टोबरात दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीने त्याच्याकडून १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झच्या रेषा टिपल्या आणि लगेच ‘धूमकेतूवरून रेडिओ संदेश’ असे मथळे झळकले. त्या रेषा हायड्रॉक्सिलच्या. सूर्यप्रकाशाने पाण्याचा रेणू फुटला की हायड्रॉक्सिल उरतं. शिवाय रेषा शोषणाच्या होत्या, म्हणजे तिथून काही येत होतं असं नव्हे, मागून येणारंच थोडं कमी पडत होतं. परग्रहवासी निरोप धाडतायत म्हणावं, तर निघाली पाण्याची वाफ. आपल्या हॉर्नवर हे दिसेल का, असं विचारणाऱ्यांना उत्तर: नाही. मीरकॅटच्या ६४ डिश आहेत, आणि आपला सॉ फिल्टर १६६५ ला दारातच अडवतो.

१९७७ च्या, परग्रहवासीयांचा असावा म्हणून गाजलेल्या ‘वॉव’ रेडिओ सिग्नलचंही तसंच. तो याच रेषेशेजारी आला होता आणि २०२४ मध्ये एका गटाने मांडलं की थंड हायड्रोजनचा ढग अचानक उजळल्यानेही तसं होऊ शकतं. गृहीतक आहे, निकाल नाही.

घरची बातमी त्याहून सरस. २०२३ च्या जानेवारीत खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ही २१ सेंमीची रेषा १.२९ रेडशिफ्टच्या (विश्वाच्या प्रसरणाने लहर किती ताणली गेली त्याचं माप) एका दीर्घिकेतून मिळाल्याचं जाहीर झालं. तिथून निघताना १४२० ची असलेली लहर इथे ६२० मेगाहर्ट्झची होऊन पोचली, वाटेत ८८० कोटी वर्षं गेली. मधल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगासारखं काम करून सिग्नल सुमारे तीसपट केला, तरच तो दिसला. जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या तीस डिश मिळून क्षेत्र ४७ हजार चौरस मीटरच्या वर. आपला हॉर्न ०.४५. आपण आपली आकाशगंगाच बघावी.

तेव्हा बेसलाइन. फिल्टर, डोंगल आणि केबल मिळून स्पेक्ट्रमला जो कुबड आणतात तो हायड्रोजनपेक्षा मोठा असतो. तो काढायला अरुंधती केशाकडे, म्हणजे आकाशगंगेच्या उत्तर ध्रुवाकडे, तोंड करून तेवढाच वेळ नोंद घ्यायची आणि मूळ नोंदीला तिने भागायचं. तिथेही थोडा हायड्रोजन असतोच, त्यामुळे शून्य वेगापाशी हलकीशी खळी उरते. तिला शोध समजू नये. दोन नोंदींमध्ये डोंगल तापला तर कुबड बदलतो आणि भागाकार लाटांसारखा दिसतो. सध्या इथेच अडलंय. अर्धा तास आधी सगळं चालू ठेवणं आणि डोंगल जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सावलीत बांधणं एवढ्याने बरंच सुधारलं. पुढे वारंवारता अदलाबदलीची पद्धत (रिसीव्हर जवळच्या दोन वारंवारतांवर आलटून पालटून ठेवायचा आणि नोंदी वजा करायच्या) लावायची आहे. १९५१ मध्ये हार्वर्डला यूवेन आणि पर्सेल यांनी ही रेषा पहिल्यांदा पकडली ती त्याच पद्धतीने. त्यांचा हॉर्न खिडकीबाहेर होता; पावसाचं पाणी थेट प्रयोगशाळेत यायचं आणि विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे फेकायचे. आपल्याकडे बर्फ नाही, पण जूनपूर्वी तोंडावर पातळ पॉलिथिन ताणून घ्यावं. ते लहरींना अडवत नाही. पाण्याचा थर मात्र अडवतो, म्हणून चादर तिरकी हवी.

वेग काढताना चिन्हाचा घोळ ठरलेला. जवळ येणारा वायू जास्त वारंवारतेवर दिसतो आणि त्याचा वेग ऋण लिहितात. शर्मिष्ठेतला उजवीकडचा बुटका उंचवटा १४२०.६४ च्या आसपास आहे, म्हणजे उणे ५० किमी प्रति सेकंद: आकाशगंगेची ययाती भुजा. मोठा उंचवटा आपल्याच परिसरातला. पण आकडा लिहिण्याआधी पृथ्वीच्या प्रदक्षिणेचा ३० किमीपर्यंतचा वेग आणि शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत सूर्याचा स्वतःचा सुमारे २० किमीचा वेग वजा करावा लागतो, नाहीतर सहा महिन्यांनी तीच भुजा सरकलेली दिसेल. डोंगलच्या घड्याळाचा एक पीपीएम (दहा लाखांत एक इतकी चूक) ०.३ किमीचाच, पण स्वस्त डोंगल ५० पीपीएमने चुकला तर १५ किमीची थाप मारतो.

चाचणीला उत्तम जागा वृषभेतल्या अग्नी ताऱ्याजवळची. आकाशगंगेच्या केंद्राच्या बरोबर विरुद्ध दिशा तीच. तिथला वायू आपल्या दृष्टिरेषेला आडवा फिरतो, म्हणून शून्यापाशी एकच उंचवटा यायला हवा. तो शून्यावर बसला नाही तर आधी घड्याळ तपासा, मग गणित.

पुढचं काम मूळ नक्षत्राच्या भागापासून हंसापर्यंत आकाशगंगेच्या पट्ट्यावर दर दहा अंशांना एक नोंद घेण्याचं, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी. प्रत्येक नोंदीतला सर्वांत मोठा धन वेग वाचायचा. आकाशगंगेच्या केंद्रापासून मोजलेल्या ३० अंश रेखांशाला तो ११० किमी प्रति सेकंदाच्या घरात अपेक्षित आहे. त्यात सूर्याच्या केंद्राभोवती फिरण्याच्या २२० च्या वेगाचा अर्धा मिळवला की केंद्रापासून चार किलोपार्सेकवरचा (सुमारे तेरा हजार प्रकाशवर्षं) फिरण्याचा वेग पुन्हा २२० येतो. १९ अंशांच्या बीममुळे ही कड पुसट होते, म्हणून आकड्यामागे दहा-पंधरा किमीची तफावत आधीच धरून ठेवा. तोवर कोणी वारंवारता अदलाबदलीचा आराखडा चालवून पाहिला असेल, तर किती किलोहर्ट्झ सरकवलं तेवढं कळवावं.