दहावा माणूस

आमच्यात आयुष्याचे टप्पे मानतात का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मागच्या महिन्यात ठाण्याला आमच्या सोसायटीत एक मुंज झाली. भिक्षावळ आटपून मी वळले, तोच शेजारच्या काकूंनी हात धरला. "तुमच्यात असतं का गं असं काही? मुंज, मग गृहस्थाश्रम, मग वानप्रस्थ... आयुष्याचे टप्पे मानता का तुम्ही लोक?"

तुम्ही लोक म्हणजे आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. हा प्रश्न मला ऑफिसात विचारतात, लोकलमध्ये विचारतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी तोंडात कापूस असताना विचारला. मी साडी नेसते, घरी मराठीच बोलते, आडनाव गावावरून पडलेलं आणि शेवटी 'कर' आहे, त्यामुळे लोकांना ताळमेळ लागत नाही. दर वेळी "असतं ना, बार मिट्झवा म्हणतात" एवढं सांगून मी सटकते. या वेळी नीट सांगते.

छापील उत्तर तयार आहे, ते आधी. मिश्ना म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांचा संग्रह, आणि 'पिर्के आवोथ' म्हणजे त्यातली वाडवडिलांची वचनं. त्याच्या पाचव्या अध्यायात वयांची यादीच दिली आहे. पाचव्या वर्षी शास्त्र, दहाव्या वर्षी मिश्ना, तेराव्याला आज्ञा पाळणं, पंधराव्याला तालमूद (मिश्नावरची चर्चा), अठराव्याला हुप्पा, म्हणजे लग्नाचा मांडव. विसाव्याला धावपळ, तिसाव्याला ताकद, चाळिसाव्याला समज, पन्नासाव्याला सल्ला. साठाव्याला म्हातारपण, सत्तराव्याला पिकले केस, ऐंशीव्याला पुन्हा सामर्थ्य, नव्वदाव्याला वाकलेली पाठ. आणि शंभरी गाठली की माणूस जणू मरून जगातून गेलाच म्हणा.

माझे बाबा रेल्वेत होते. दाढी करता करता ही यादी म्हणायचे आणि 'विसाव्याला धावपळ' आलं की आरशातून माझ्याकडे बघायचे, कारण तेव्हा मी नोकरीसाठी वणवण करत होते. यादी छान आहे, पण माझं तिच्याशी पुरतं कधी जमलं नाही. चाळिसाव्या वर्षी मला कसलीही समज आली नाही, फक्त चष्मा आला. शिवाय अठराव्या वर्षी हुप्पा म्हणणाऱ्यानं मुलीच्या अठराव्या वर्षाचा विचार केलेला दिसत नाही. आणि वाचताना वाटतं, माणूस एकटाच जिना चढतोय. आमच्यात एकट्यानं काहीच होत नाही. ते कसं, हेच मला सांगायचंय.

मुलगा आठ दिवसांचा झाला की मिला, म्हणजे सुंता. तिथं एक खुर्ची रिकामी ठेवतात. ती एलियाहू हन्नबीची, म्हणजे बायबलातल्या एलियाहू संदेष्ट्याची. प्रत्येक मिलाला तो हजर असतो अशी श्रद्धा. विधी झाला की जमलेले सगळे म्हणतात, हा जसा देवाशी केलेल्या करारात आला, तसाच तोरात (धर्मशास्त्रात), हुप्पात आणि सत्कर्मांत येवो. पोराचे डोळे धड उघडत नाहीत आणि लोकांनी त्याचं शिक्षण, लग्न आणि पुढची सगळी वर्षं एका वाक्यात लावून टाकलेली असतात! माझ्यासारख्या मुलीला पाळणा. माझं नाव हिब्रू, पण आत्यानं ते कानात कुर्र करूनच सांगितलं.

या एलियाहूशिवाय आमचं पान हलत नाही. बायबलात तो यार्देन नदीपाशी अग्निरथातून वर गेला. पण अलिबागजवळ खंडाळ्याला कातळावर खुणा आहेत, त्या त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या, असं आम्ही मानतो. (हे खंडाळे घाटातलं नव्हे.) आमच्या आज्यांनी त्याची स्वर्गाची वाट कोकणातून काढली, एवढंच. त्याच्या नावानं मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, मनुका, बदामाचे काप, असं मोठ्या ताटात कालवायचं, कडेनं फळं मांडायची, गुलाब ठेवायचे. मग बराखा, म्हणजे आशीर्वचनं. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, सुवासाची वेगळी. साखरपुडा असो, नवस फिटलेला असो, नवं घर असो, कुणी परदेशी निघालेलं असो, मलिदा हवाच. एकट्यासाठी कुणी मलिदा केलेला मी पाहिला नाही. ताटच मुळात वीस माणसांचं असतं.

तेराव्या वर्षी बार मिट्झवा. मुलाला सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनाघरात, सेफेर तोरासमोर (तोराच्या गुंडाळीसमोर) बोलावतात, तो आपला भाग वाचतो, वरून गोळ्या-चॉकलेटं पडतात. मुंजीशी तुलना इथवर चालेल. पण त्या दिवशी बापही एक वाक्य म्हणतो, ते लोकांना माहीत नसतं. ज्यानं मला याच्या शिक्षेतून मोकळं केलं तो धन्य, अशा अर्थाचं. आजवर पोरानं केलेलं बापाच्या खात्यावर जमा होत होतं, आता ज्याचं त्याचं. थोडक्यात, सुटलो बुवा! आमचे एक काका हे वाक्य इतक्या मनापासून म्हणाले होते, की अख्खं सिनेगॉग हसलं.

लग्नाबद्दल लांबण लावत नाही. आदल्या रात्री मेंदी, मग केतुबाचं, म्हणजे लग्नाच्या करारपत्राचं वाचन, अंगठी, द्राक्षरस, आणि इसवी सन ७० मध्ये पडलेल्या येरुशलायिमच्या मंदिराची आठवण म्हणून काच फोडणं. आमची खास गोष्ट म्हणजे नवरी आत येताना नवरा तिच्यासाठी 'योनाथी झिव' गातो. आमच्या ह्यांचा सूर पहिल्याच ओळीला पडला. माझ्या मामांनी मागून तो उचलला आणि पुढचं सगळं गाणं खरं तर मामांनीच म्हटलं. मी मात्र ह्यांच्याकडेच बघत होते.

आता दहाचं सांगते. सार्वजनिक प्रार्थनेतल्या काही गोष्टींना किमान दहा पुरुष लागतात, तेराच्या वरचे. त्याला मिनियान म्हणतात. नऊ ऋषी असले तरी चालत नाहीत, दहा सामान्य चालतात. बार मिट्झवाचा खरा अर्थ मला विचाराल तर हाच, की त्या दिवसापासून मुलगा मोजला जातो. आणि माणसं एक-दोन-तीन अशी मोजायची नाहीत, दृष्ट लागल्यासारखं होतं म्हणतात. मग दहा शब्दांची एक ओळ म्हणत माणसामागे एकेक शब्द टाकायचा. होशिआ एथ अमेखा उवारेख एथ नहलाथेखा उरएम वेनासएम आद हाओलाम. तुझ्या लोकांना तार, तुझ्या वारशाला आशीर्वाद दे, त्यांना पाळ आणि उचलून धर, सदासर्वकाळ. 'हाओलाम'ला माणूस सापडला की झालं मिनियान.

पूर्वी ही मोजणी करायची वेळच येत नसे. १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग झालं, मग रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण अशी कोकणभर झाली. इस्रायल झालं त्या सुमाराला आम्ही वीसेक हजार होतो. नंतर बहुतेक जण तिकडे गेले, अश्दोदला, लोदला, दिमोनाला. अलिबागच्या इस्रायल आळीत आता बंद दारंच जास्त.

बाबा निवृत्तीनंतर त्याच आळीतल्या घरात परतले. त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांनी दुसरा बार मिट्झवा केला. तशी रीत आहे. माणसाचं आयुष्य सत्तर वर्षांचं असं स्तोत्रात म्हटलंय, म्हणून सत्तरनंतर नव्यानं मोजायचं आणि तेरा झाली की पुन्हा तोरासमोर उभं राहायचं. कवळी सैल होती, हिब्रूतला 'ख' घशातून येता येता खोकला व्हायचा. माझा चुलतनातू, बारा वर्षांचा, शेजारी उभा राहून बोटानं ओळ दाखवत होता. बाबा त्याला म्हणाले, "पुढच्या वर्षी तू वाच, मी ओळ दाखवतो."

पुढच्या वर्षी, २०१८ च्या जुलैत, एका गुरुवारी पहाटे बाबा गेले.

आमच्यात उशीर करत नाहीत, शक्यतो त्याच दिवशी माती. घरातले आरसे झाकले. पुरुषांनी बाबांना अंघोळ घातली, पांढरं कापड नेसवलं. त्या कपड्यांना खिसा नसतो, शिवणीला गाठ मारत नाहीत. त्यावर त्यांचा तालीथ, प्रार्थनेची शाल. तिच्या चार टोकांना सिसिथ असतात, गाठी मारलेले दोऱ्यांचे झुबके, देवाच्या आज्ञांची आठवण म्हणून. हज्जाननी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, कात्री घेतली आणि एक झुबका कापला. चुलतनातवानं विचारलं, का? ते म्हणाले, "मेलेल्या माणसावर आज्ञांचं ओझं नसतं रे. त्यांचं झालं सगळं." पोरगा त्या कापलेल्या दोऱ्यांकडे बघत राहिला.

दफनाला दहा माणसं लागत नाहीत, पण कद्दिशला लागतात. कद्दिश म्हणजे मृतासाठी म्हणायची प्रार्थना. गंमत अशी की तिच्यात मृत्यूचं नावच नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाची थोरवी. ज्याच्या घरात नुकतं कुणी गेलंय त्यानंच उभं राहून ती म्हणायची, आणि बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणणारे नसतील तर कद्दिश नाही.

पाऊस मी म्हणत होता. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद, म्हणून मुंबई-ठाण्याची मंडळी रस्त्यानं निघालेली. दुपारपर्यंत नऊ जण जमले. दहावे, आमचे एक मेहुणे, वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकले. दर दहा मिनिटांनी त्यांचा फोन, "हललो नाही अजून." अंधार पडायच्या आत उरकायला हवं होतं.

मग हज्जाननी चुलतनातवाकडे पाहून विचारलं, "याला तेरा झाली का?" त्याची आई म्हणाली, नाही, वाढदिवसाला अजून अठरा दिवस आहेत, समारंभ पुढच्या महिन्यात. "इंग्रजी वाढदिवस नको. तिथी सांग." ती कुणाला ठाऊक! हज्जाननी पिशवीतून पंचांग काढलं, तिच्याकडून जन्मतारीख घेतली आणि खिडकीपाशी उजेडाला जाऊन हिशेब करत बसले. आमचे महिनेही चंद्राचे आणि आमच्यातही अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे तिथी आणि तारीख कधी मागे, कधी पुढे. खोलीत पागोळ्यांचा आवाज तेवढा. शेवटी ते वळले. "तामुझ महिन्याची तेवीस. मागच्या शुक्रवारीच पूर्ण झाली." समारंभ होवो न होवो, तेरा वर्षं भरली की मुलगा आपोआप बार मिट्झवा होतो.

मोजणी पुन्हा झाली. हाओलाम त्याच्यावर आलं.

कबरीपाशी माझ्या चुलतभावानं कद्दिश म्हटलं, कारण बाबांना मुलगा नाही, आम्ही दोघी बहिणी. पोराच्या पँटला गुडघ्यापर्यंत चिखल, आवाज धड फुटलेला नाही, पण प्रत्येक आमेन इतरांच्या आधी. आमच्या दफनभूमीला हिब्रूत 'बेथ हायिम' म्हणतात, जिवंतांचं घर. लहानपणी मला वाटायचं कुणीतरी चुकून लिहिलंय.

आता तुम्ही विचाराल, आणि तू? मी मागे उभी होते. जुन्या रीतीत बाई दहात धरत नाहीत. कद्दिश अकरा महिने म्हणायचं असतं. मी म्हणू का, असं मी एका जाणत्यांना विचारलं. ते प्रेमानंच म्हणाले, "तू आमेन म्हण, ते पोचतं." पोचत असेल. पण पन्नाशी उलटलेली मी मोजणीत नाही आणि अठरा दिवसांनी केक कापणारं पोर आहे, हे मला तेव्हाही टोचलं आणि आजही टोचतं. मुंबईत सुधारकी ज्यूंची मंडळी १९२५ साली निघाली, त्यात पुढाकार घेणाऱ्यांत डॉ. जेरुशा झिराड होत्या, बाई आणि नावाजलेल्या डॉक्टर. म्हणजे हे टोचलेली मी पहिली नव्हे. तरी मी जुन्याच सिनेगॉगमध्ये जाते. बाबांचा आवाज तिथल्या भिंतींना लागलेला आहे, दुसरं कारण नाही.

सात दिवस आम्ही जमिनीवर बसून होतो, त्याला शिवा म्हणतात. पहिलं जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं असतं, त्यात उकडलेली अंडी हवीत. समोरच्या कोळीणमावशींनी अंडी उकडून आणली, सोबत तांदळाची भाकरी. येणाऱ्यानं आधी बोलायचं नसतं, घरचे बोलतील तेव्हा बोलायचं. मावशींना हे कुणी सांगितलं असेल? अर्धा तास त्या माझ्याशेजारी गप्प बसून होत्या.

पुढे काय, पुनर्जन्म मानता का, हाही काकूंचा प्रश्न होता. आमच्या गूढवाद्यांत त्याची चर्चा आहे, आमच्या घरात कधी झाली नाही. घरात चर्चा असते ती कोण कोण येणार याची.

या वर्षी बाबांच्या तिथीला आम्ही अलिबागला गेलो. काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, त्यावर तरंगती वात. चुलतनातू आता अश्दोदला असतो. त्याला व्हिडिओ कॉल लावून फोन तांब्याला टेकवून ठेवला. फोनवरचा माणूस दहात धरत नाहीत, हे त्यालाही माहीत आहे, तरी तो टोपी घालून बसला होता. हज्जाननी तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचली. त्याचं आमेन दोन सेकंद उशिरा येत होतं.

त्याआधी मी स्वयंपाकघराच्या दारातून माणसं मोजली होती. होशिआ, एथ, अमेखा. पुढच्या खोलीत माझे मेहुणे, दोन चुलतभाऊ, पेणहून आलेले तिघं, हज्जान, आणि त्यांचा मुलगा. आठवा शब्द आला आणि माणसं संपली. वेनासएम. उचलून धर.