दिवे घाटातून लाइव्ह

माउलींच्या पालखीबरोबर आज दिवे घाटात होतो. पाठीवरच्या बॅगेत बरीच सिमकार्डं असतात, सगळ्यांचं नेट एकत्र करून ती बॅग चॅनेलच्या स्टुडिओत चित्र पाठवते. एरवी झकास चालते. पण एवढी गर्दी आणि ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल म्हटल्यावर टॉवर तरी किती पुरणार? चित्राचे चौकोन व्हायला लागले, शेवटी वडकीजवळ उभ्या केलेल्या डीएसएनजी व्हॅननेच (थेट उपग्रहामार्फत चित्र पाठवणारी गाडी) लाज राखली.

टपावरची डिश विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या उपग्रहाकडे रोखायची. नेम चुकला तर शेजारच्या उपग्रहाला उपद्रव, म्हणून आधी उपग्रहवाल्यांकडून फोनवर खात्री आणि मगच सिग्नलला पॉवर. सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो. अँकरच्या प्रश्नावर रिपोर्टर मख्खासारखा बघतो त्याचं निम्मं कारण हे. (उरलेलं निम्मं म्हणजे तो प्रश्न.)

केयू बँडला, म्हणजे आमची डिश वापरते त्या लहरींना, पावसाची भुरभुर चालते, मुसळधार मानवत नाही. दुपारी आभाळ भरून आलं, माझा जीव सिग्नलच्या मीटरमध्ये. वारकरी मात्र म्हणत होते, पडू दे, पेरण्या खोळंबल्यात.

एका मावशींनी विचारलं, "ही ताटली कशाला रं?"

म्हटलं, "घरचे तुम्हाला टीव्हीवर बघतील."

"मग सुनेला सांग, म्हशीची धार येळेवर काढ म्हणावं."