फॉरेनचं रिव्हॉल्व्हर

शेजारच्या आजींनी घर विकायला काढलं, तेव्हा त्यांच्या दिवंगत नवऱ्याच्या कपाटातून बुटाच्या खोक्यात एक रिव्हॉल्व्हर निघालं. "तू मशीनवाला, तूच बघ काय ते," म्हणाल्या. मी इंडियानात राहतो, इतकी वर्षं सीएनसी मशीनवर काढली, पण बंदूक म्हणाल तर साताऱ्याच्या काकांची परवान्याची बारा बोअर एकदा उचलून बघितलेली. तीही ओरडा खाऊन.

पिन ओढली की चक्र अख्खं हातात येतं. सहाही घरं रिकामी. मग चष्मा लावून शिक्का वाचला आणि बघतच राहिलो: र्‍योम, झोन्टहाइम, मेड इन जर्मनी. हे नाव मला पाठ! भोसरीत पहिल्या नोकरीत लेथला याच कंपनीचा चक, म्हणजे काम घट्ट धरून फिरवणारा जबडा, होता. आमचे फोरमन त्याला "रोहम" म्हणत आणि नव्या पोरांना हात लावू देत नसत. त्या चकवाल्यांचं रिव्हॉल्व्हर म्हणजे दागिनाच असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

हातात मात्र वजन पटेना. फ्रिजवरचा लोहचुंबक काढून लावला. बॉडीला चिकटेचना. नळीच्या तोंडाशी जेमतेम ओढ जाणवली. म्हणजे बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, डायकास्ट केलेली, आणि नळीत पोलादाची पातळ नळकांडी बसवलेली. कार्ब्युरेटर, कपाटाच्या मुठी, खेळण्यातल्या मोटारी ओततात तोच झमॅक. ३८५ अंशांच्या आसपास वितळतो. शेजारच्या इलिनॉयमध्ये तर ८०० फॅरनहाइटच्या आत वितळणाऱ्या जस्ताच्या बॉडीचं पिस्तूल दुकानदाराला विकताच येत नाही.

आजी ते मलाच देणार होत्या. एकाच राज्यातल्या दोन माणसांत देवघेव असेल तर इथे दुकानदार मध्ये लागत नाही. पण मी ग्रीन कार्डवाला. एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना शिकारीचा परवाना वगैरे एखादा अपवाद सोडला तर बंदूक बाळगणंच गुन्हा होता, ती धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून आजींना घेऊन परवानाधारक दुकानात गेलो. बंदूक घेणाऱ्याने भरायचा फॉर्म ४४७३ भरला, ग्रीन कार्डावरचा नंबर लिहिला, तीस डॉलर मोजले. घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयकडून उत्तर आलं: "डिलेड". कामाचे तीन दिवस नुसती वाट. चौथ्या दिवशी "प्रोसीड".

त्या तीन दिवसांत वाचायला बसलो. असली स्वस्त, आखूड नळीची रिव्हॉल्व्हरं साठच्या दशकात अमेरिकेत ढिगाने येत. "सॅटरडे नाइट स्पेशल" हे त्यांचं हिणवायचं नाव. १९६८च्या कायद्याने खेळाच्या उपयोगाची नसलेली हत्यारं आयात करणं बंद झालं, तर कंपनीने सुटे भाग आणून मायामीत जोडणी सुरू केली. त्यातलंच एक, आरजी-१४, घेऊन जॉन हिंकलीने ३० मार्च १९८१ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनवर सहा गोळ्या झाडल्या. प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी डोक्याला गोळी लागून जन्माचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३चा, आणि त्यातूनच १९९८ला सुरू झालेल्या तपासणीत माझं नाव अडकलं होतं. हे कळल्यावर दुकानदाराला फोन करकरून पिडायचं बंद केलं.

पुढे बंदुकांच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "रिकामा घोडा आपटलात का?" आपटला होता. स्वयंपाकघरात बसून, चांगला सात-आठ वेळा. रिमफायर काडतुसात ठिणगीची दारू बुडाच्या मधोमध नसते, ती कडेच्या दुमडीत असते. त्यामुळे घोड्याची टोकणी कडेवरच आपटते. काडतूस नसेल तर तो घाव थेट चक्राच्या काठावर. त्याने भिंगातून दाखवलं, सहा घरांना सहा बारीक खाचा. माझीच करणी. इतक्या वर्षांच्या फिटरगिरीचं नाक कापलं गेलं.

हे पॉइंट टू-टू शॉर्टचं, म्हणजे १८५७पासूनचं काडतूस. त्याच जाडीचं पण जास्त लांबीचं "लाँग रायफल" काडतूस यात घालायचं नाही. "चालेल," मिस्त्री म्हणाला, "पण मी चालवणार नाही. सुटे भाग आणायचे कुठून?" मायामीचा कारखाना १९८६मध्येच बंद पडलाय. मीही झाडलं नाही. तेल लावून तिजोरीत ठेवलं.

रविवारी काकांना फोनवर सगळं सांगितलं. भारतात ऐंशीच्या दशकात आयात थांबली, तेव्हापासून त्यांच्या वयाच्या परवानेवाल्यांत बाहेरचं जुनं रिव्हॉल्व्हर म्हणजे जमिनीच्या तुकड्यासारखं. जस्त सांगितलं, मुठी सांगितल्या, रेगन सांगितला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असू दे रे. जर्मन आहे ना? मग फुकटात कोणाला देऊन टाकू नकोस."